आईच्या आवाजासाठी

आमच्या गावच्या विहारात पौर्णिमेची वंदना आई सांगते. ती पुढे बसून एक ओळ म्हणते आणि बाकीचे तिच्यामागून म्हणतात. सही सोडून तिला काही लिहिता येत नाही. पाली गाथा तिने मोठ्या जावेकडून ऐकून ऐकून पाठ केल्या. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, पण मलाही त्या पुस्तकातून नाही, तिच्याकडून आल्या.

तिच्या गळ्याला गाठ झाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आवाजाची नस गाठीला लागूनच आहे, आवाज जाऊही शकतो, हेही सांगितलं. परतीच्या एसटीत आई जिवाबद्दल काही बोलली नाही. पांढरकवडा आल्यावर एवढंच म्हणाली, “मंग वंदना कोण सांगन?”

त्याच आठवड्यात मला मोबाइलवर एक गट सापडला. वेगवेगळ्या राज्यांतले लोक रोज सकाळी व्हिडिओवर एकत्र बसून आजार बरे करणारा मानल्या जाणाऱ्या औषधी बुद्धाचा मंत्र जपत. शेवटी त्या जपाचं पुण्य ज्याने त्याने आपल्या इच्छेसाठी अर्पण करायचं आणि ती इच्छा खाली लिहायची. मला संकोच वाटला. आमच्याकडे मंत्र नाही, नवस नाही. बुद्धाकडे काही मागायचं नसतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी मी बसू लागलो. रोज एकच ओळ लिहायचो: माझ्या आईचा आवाज राहू दे.

तिसऱ्या दिवशी आईने पाहिलं.

“काय करून राह्यला हे?”

मी सांगितलं.

“म्हणजे नवसच ना. देवळात नाही गेला, मोबाइलमंदी गेला.”

“नवस नाही, आई. आपण केलेलं पुण्य दुसऱ्याला द्यायचं.”

“अन् साऱ्यायचे तोंडं हलून राह्यले, आवाज काहून नाही?”

“सगळे एकदम बोलले तर गोंधळ होतो. म्हणून आपापला आवाज बंद ठेवायचा.”

“मुक्यायची वंदना,” म्हणत ती चहा मांडायला गेली.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पण पंधरा दिवस अजिबात बोलायचं नाही, आवाजाचं काय ते त्यानंतरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. घरी आई टाळी वाजवून आम्हाला बोलवायची. विहाराकडे मात्र फिरकली नाही. एका सकाळी मी जपाला बसलो होतो, तर ती गळ्याची पट्टी सांभाळत माझ्याशेजारी येऊन बसली. पडद्यावर साऱ्यांचे ओठ हलत होते, तिचेही हलू लागले. मंत्र तिला येत नव्हता. ती आपली त्रिसरण म्हणत होती, हे मला ओठांवरून कळलं. त्या एवढ्या लोकांत तिचं काही गेलं आहे, असं कोणाला वाटलं नसतं.

इच्छा लिहायच्या वेळी तिने माझा हात धरला आणि बोटाने वरच्या ओळी दाखवल्या. वाच, असं तिचं म्हणणं. खरं सांगायचं तर आपली ओळ लिहून मोबाइल ठेवून देण्यापलीकडे मी तिथे कधी थांबलो नव्हतो. आता मोठ्याने वाचू लागलो. कोणाच्या मुलीचं डायलिसिस, कोणाच्या नवऱ्याची दारू, कोणाचा हरवलेला भाऊ. मग वर सरकवत गेलो, तर माझ्याच जुन्या ओळींखाली हिंदीत लिहिलेलं दिसलं: आजचं आमचं पुण्य या माउलीच्या आवाजासाठी. रोज कोणी ना कोणी लिहिलं होतं. मी मात्र दुसऱ्या कोणासाठी एकदाही लिहिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. त्या दिवशी मी आमच्यासाठी काही लिहिलं नाही. आईच्या बोटाखाली ज्या मुलीची ओळ होती, तिच्यासाठी लिहिलं.

आवाज आला, पण अर्धा. वर चढवला की फाटतो. कशाने आला याचा वाद मी स्वतःशी घातला नाही. डॉक्टरांचा हात चांगला होता, त्यांचे उपकार आहेतच. त्या लोकांचेही आहेत.

पुढच्या पौर्णिमेला आई विहारात मागे बसली. बायांनी तिला उठवून पुढे नेलं. एरवी तिची ओळ संपायच्या आत आपली सुरू करणाऱ्या बाया त्या दिवशी थांबून, तिच्याच खालच्या सुरात म्हणत होत्या.

वंदना संपल्यावर आई म्हणाली, “ज्यायनं मले त्यायचं पुण्य देलं, त्यायले आपल्या वंदनेचं भेटो.”

“कोण वं ते?” शेजारच्या काकूने विचारलं.

“मोबाइलमंदले. मी नाही ओळखत.”

“मंग माह्यंही दे त्यायले,” काकू म्हणाली, आणि सगळ्यांनी त्याला अनुमोदन म्हणून तीनदा ‘साधू’ म्हटलं.