कच्चे टाके

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली, कफ उलटा केला आणि म्हणाल्या, "आतून कसंय बघू." ओळख ना पाळख. मी म्युझियमचा फ्लोअर सुपरवायझर, त्या, म्हणजे आमच्या मावशी, साफसफाईच्या कामाला नुकत्याच रुजू झालेल्या. आतली शिलाई निरखून त्यांनी कफ सरळ केला आणि "चालतंय" असा शेरा मारला. शर्ट बायकोने हौसेने घेतलेला. घरी गेल्यावर मीही तो उलटा करून पाहिला. काही कळलं नाही.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याला वस्तूची पुढची बाजू दिसतच नाही. मावशी पडदे उलटून बघत, खुर्च्यांची कव्हरं उलटून बघत. एकदा तर एका बड्या पाहुण्यांच्या जाकिटाच्या काठाला त्यांचा हात गेलाच होता. मी मध्ये पडलो म्हणून निभावलं.

आमचं म्युझियम चिंचवडमधल्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये आहे. एका जगप्रसिद्ध फॅशन डिझायनरच्या कपड्यांचं. हे गृहस्थ इथल्याच कामगार वस्तीत वाढले, मुंबई आणि परदेश गाजवून परत आले, तळवड्याला कारखाना काढला आणि काम करता करताच गेले. त्यांचे झगे आता काचेच्या कपाटात आहेत. मी वीस वर्षं कंपनीत गिअर तपासले. झग्यात पास काय आणि रिजेक्ट काय, हे मला अजून उमगलेलं नाही. 'झगा' म्हटलेलंही आमच्या मॅडमना, म्हणजे म्युझियम चालवणाऱ्या बाईंना, आवडत नाही.

मावशींचा नोकरीचा फॉर्म पहिल्या दिवशी मीच भरला होता.

"आधी कुठं होतात?"

"मास्तरांकडं व्हते की, तळवड्याला. बारा वर्सं. मग चाकणला, गाड्यांची सीट कव्हरं शिवायला."

मी लिहिलं, 'शाळेत शिपाई.' पुढे त्या अधूनमधून सांगत, "मास्तर लई कडक. चुकलं की पुन्ना उसवायला लावायचे." शाळेत काय उसवतात, हा प्रश्न मला पडायचा. पण माणसाने किती प्रश्न विचारावेत?

म्युझियमच्या शेवटच्या कपाटात एक निळा झगा आहे. अपुरा राहिलेला. त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके होते आणि खाली पाटी होती, 'कलावंताच्या हातचे अखेरचे टाके.' लोक इथे आले की आपोआप आवाज खाली आणत. काहींचे डोळेही भरून येत.

सोमवारी म्युझियम बंद असतं. त्या दिवशी काचा उघडून आतली धूळ झाडायची आणि मी समोर उभं राहायचं, हा नियम. शेवटच्या कपाटाची पाळी मावशींवर पहिल्यांदाच आली होती. मला फोन आला म्हणून मी दारापर्यंत गेलो. परत येतो तर झग्यावर एकही टाका नाही, आणि मावशींच्या बोटाला पांढरा दोरा गुंडाळलेला.

"झालं बघा. पक्की शिलाई झाली की कच्चे टाके काढायचे असत्यात, ते तसेच ऱ्हायले व्हते. कुनाचं ध्यानच न्हाई."

खरं सांगतो, झगा मलाही आधीपेक्षा बरा दिसला. मग खालची पाटी दिसली.

"मावशी, अहो, ते टाके बघायलाच तर लोक येतात!"

"मास्तर म्हनायचे, कच्चा टाका गिऱ्हाइकाला दिसला की माझी अब्रू गेली."

"कोण मास्तर?"

त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट केलं. "हे काय, आमचे मास्तर. कापड बेततो त्याला मास्तरच म्हनत्यात न्हवं?"

शाळेत शिपाई! फॉर्मवर मीच लिहिलं होतं.

मॅडम आल्या, झगा पाहिला आणि आधी दार लावून घेतलं. गुरुवारी परदेशातून मोठे तज्ज्ञ येणार होते. "हे बाहेर जाता कामा नये," त्या म्हणाल्या. मग मावशींना विचारलं, "परत घालता येतील?"

"कशापायी?"

"दाखवायला."

मावशींना ते काही केल्या समजेना. माणूस गेला की त्याच्या हातातलं काम मागच्यांनी पुरं करायचं असतं. ते अर्धवट ठेवून वर तिकीट लावून दाखवतात, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मॅडम सांगत होत्या की अपुरेपणातच कलावंताचा हात दिसतो. मला दोघींचंही पटत होतं. कंपनीत बरं होतं, माप बसायचं किंवा नाही बसायचं.

शेवटी मावशींनी मला बाजूला घेतलं. "साहेब, हे न्हाई झालं तर तुमची नोकरी जाईल का वो?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "जाईल."

त्यांनी दोरे ओले करून सरळ केले, सुईत ओवले आणि बसल्या. मॅडम जुना फोटो घेऊन शेजारी उभ्या होत्या. मावशींनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत काम झालं. मी फोटो आणि झगा ताडून पाहिले. तपासणीचा डोळा अजून शाबूत आहे माझा. एक टाका इकडचा तिकडे नव्हता.

"मावशी, तुमचीही नोकरी राहिली," मी आनंदाने सांगितलं.

"तुमची ऱ्हायली, लई झालं. मास्तरांची अब्रू मीच माझ्या हातानं घालवली. आता रोज तिच्यावरनं फडका मारायला न्हाई जमायचं मला."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मला फार लाज वाटली. पण नोकरी होती, म्हणून लाज वाटायला सवडही होती.

गुरुवारी तज्ज्ञ आले. भिंग लावून अर्धा तास तो झगा पाहत राहिले. मग जे बोलले ते मॅडमनी आम्हाला मराठीत सांगितलं. हे हातवळण हजारात ओळखू येतं, हे दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता थांबलो. हे टाके मावशींनी घातलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. मग फोटोतले, आधीचे, कोणाचे? मावशींनी मास्तरांचं हातवळण उचललं होतं, की मास्तरांचं म्हणून जगाने जे पाहिलं ते मुळात मावशींचंच होतं? तोंड उघडावं तर मास्तरांचं नाव जातं, मिटावं तर मावशींचं येतच नाही. मी पुन्हा टाळ्या वाजवायला लागलो.

संध्याकाळी त्यांना फोन लावला. मागे मशिनांची घरघर होती, म्हणजे पुन्हा चाकणला सीट कव्हरं. झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मावशी, खरं सांगा, पहिले टाके कोणी घातले होते?"

त्यांनी उलट मलाच विचारलं.

"बघून झालं न्हवं त्या पाव्हन्यांचं?"

"झालं."

"मग काढा की आता त्ये."

"काढतो," मी म्हणालो.

त्याला दोन वर्षं झाली.