पोट भरलं म्हटल्यावर

हिंगोलीत आमची मेस आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, एक-दोन बँकेतली माणसं, कळमनुरीकडून येऊन-जाऊन करणारे एक मास्तर, असे सगळे जेवायला असतात. नवरा बाजार आणतो, मी रांधते. सकाळी पीठ मळायला बसलं की कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत उठणं नाही, आणि उठावं तर संध्याकाळच्या भाजीची वेळ झालेली. कुणी "कशी हाय?" विचारलं तरी उत्तर द्यायचा कंटाळा येतो, इतकी मी थकलेली असते.

तशात पोरीनं जपानी भाषेचा क्लास लावला. तिचं नर्सिंग झालेलं, इथल्या एका दवाखान्यात पाळ्या करून करून डोळे आत गेलेले. मैत्रिणीनं तिच्या डोक्यात भरवलं की जपानात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला पोरी पाहिजेत, भाषा आली आणि मुलाखत पास केली की झालं. क्लास मोबाईलवर, पण पाठांतर माझ्या शेगडीपाशी. तिथल्या वृद्धाश्रमात भरवायचं काम फार, म्हणून जेवणाचे शब्द आधी. मी भाकरी थापायची आणि ती शब्द घोकायची. "काय लावलंय सकाळपासून? डोकं उठवून राहिली नुसतं," म्हणून मी खेकसलेच. मग ऐकून ऐकून मलाही यायला लागलं.

गोहान म्हणजे भात, आणि गोहान म्हणजेच जेवण.

"अगं बाई! मंग भाकर खाणारा उपाशीच म्हणायचा का?"

"आई, तुला शिकायचं हाय का भांडायचं हाय?"

सकाळचं आसागोहान, दुपारचं हिरुगोहान. जेवायच्या काड्या म्हणजे हाशी. लोणचं म्हणजे त्सुकेमोनो. पहिल्या घासाआधी 'इतादाकिमास' म्हणायचं आणि जेवण झालं की 'गोचिसोसामा', म्हणजे ज्यानं खाऊ घातलं त्याचे आभार. हे मात्र मला फार आवडलं. आमच्या मेसमध्ये मीठ कमी पडलं तेवढं बराबर सांगतात, बाकी सगळे ढेकर देऊन चपला घालतात.

एक दिवस शब्द आला, ओकावारी. पुन्हा एकदा वाढून घेणं.

"ते जेवणारा सोताच मागतो," पोरगी म्हणाली.

"सोताच? लाज न्हाई वाटत? आन् वाढणारीनं काय करायचं?"

"मागितलं की वाढायचं."

"आन् आग्रह?"

तिनं मोबाईलवर बोट खालीवर फिरवलं. "तसा काही शब्द दिला न्हाई इथं."

मला काही ते पटेना. आमच्याकडे पहिलं 'नको' खरं धरतं कोण? पाहुण्यानं नको म्हणायचं आणि आपण वाढायचं. दुसऱ्यांदा नको म्हणाला तरी अर्धी भाकर पडतेच. तो उठायला लागला की मग समजायचं, जेवला. नको म्हटल्याबरोबर जे थांबतात, त्यांच्या घराला माणसं वर्षानुवर्षं नावं ठेवतात.

मुलाखत घरीच झाली, लॅपटॉपवर. मी मेसच्या पोरांना दम देऊन गप्प बसवलं आणि दाराआड उभी राहिले. पडद्यावर एक जपानी बाई होती. ती आजी झाली आणि माझ्या पोरीनं वाटी-चमचा घेऊन तिला भरवायचं नाटक करायचं, अशी परीक्षा. पोरगी छान हसून बोलली. ती बाई इतादाकिमास म्हणाली, तेही मला कळलं. चार घास झाले आणि बाई म्हणाली, "ओनाका इप्पाई देस." पोट भरलं. पोरीनं लाडानं आणखी एक चमचा पुढं केला. बाईनं मान हलवली, पुन्हा तेच म्हणाली. पोरीनं पुन्हा चमचा पुढं केला. मला वाटलं, वा गं माझे लेकी! काय मायेनं भरवून राहिली!

दोन दिवसांनी क्लासच्या सरांचा फोन आला. निवड झाली नाही. आजीनं पोट भरलं म्हटल्यावर चमचा खाली ठेवायला पाहिजे होता. म्हाताऱ्या माणसाच्या घशात घास अडकतो, आणि तिनं सांगितलेलं ऐकलं नाही म्हणजे तिचा मान ठेवला नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "आग्रह केला तर मान गेला व्हय? मंग आमी जलमभर काय केलं?" मी फोनवर बोलले. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. ते बघून मी वाद सोडला आणि फोन ठेवला, कारण जपानचं जमलं नसतं तर त्या दवाखान्यात ती आणखी सुकून गेली असती.

मग पुढची मुलाखत येईपर्यंत मीच आजी झाले. दुपारची भांडी झाली की खुर्चीत बसायचं, तिनं वरणभात भरवायचा, मी मधेच ओनाका इप्पाई म्हणायचं. तिचा हात काही केल्या थांबेना. चमचा आपोआप पुढं यायचा आणि मी तिच्या मनगटावर चापट मारायची. "आजी नको म्हणाली ना? ठेव खाली!" दुखऱ्या कंबरेनं खुर्चीत बसून मी तिला हेच शिकवत राहिले. होता होता तिचा हात थांबायला लागला.

या वेळी ती मुलाखतीत पास झाली. फोन आला तेव्हा दुपारची पंगत चालू होती. नवऱ्यानं पेढे आणले, पोरांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं आणि आनंदात चार-चार भाकरी जास्त हाणल्या. सगळे गेल्यावर मी खाली बसले. सकाळपासून चहावर होते. टोपल्यात एक भाकर उरली होती, पातेल्यात थोडं बेसन. पोरगी वाढायला आली.

"आई, वाढू?"

मी ताटावर आडवा हात धरला. "नको गं. भूकच मेली माझी. तू खा."

"बरं," ती म्हणाली. पातेल्यावर झाकण ठेवलं, टोपलं फडक्यानं झाकलं आणि मैत्रिणीला फोन लावत बाहेर गेली.

मी तशीच बसून होते, ताटावर हात धरून. आधीची असती तर तिनं माझा हात बाजूला ढकलून भाकर टाकली असती, वर रागावली असती. पोटात कावळे ओरडत होते. बाहेर ती हसून हसून कुणाला तरी पास झाल्याचं सांगत होती. मला एकदम रडू आलं. लेकरू अजून घरातच होतं, पण माझ्यापासून दूर गेलं होतं.