अधारतालहून घातलेला कुकारा

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त त्यांतल्या चुका शोधण्यासाठी वाचत आले, हे आधीच कबूल करते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे, पीएच.डी.च्या मुलाखती सुरू आहेत, आणि "कोणीतरी हाक मारली" या जातीच्या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे वारा, प्रतिध्वनी किंवा अपुरी झोप यांपैकी एक उत्तर तयार असायचे. त्यामुळे हे लिहिताना थोडा संकोच होतो आहे. पण निरीक्षण गैरसोयीचे आहे म्हणून ते वहीतून वगळायचे नसते...

आम्ही जबलपूरला अधारतालमध्ये राहतो, मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. मूळचे अमरावतीकडचे. आजोबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले आणि आम्ही इकडचेच झालो. घरात समुद्र पाहिलेली, किंबहुना समुद्राकाठी जन्मलेली, एकच व्यक्ती आहे — मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. आई नोकरीवर जायची तेव्हा मला तिनेच वाढवले. मोठे बाबा आता नाहीत. साखरेमुळे तिची नजर अधू झाली आहे, हृदयही थकले आहे, आणि डॉक्टरांनी प्रवास पूर्ण बंद केला आहे.

तिच्या माहेरच्या तालुक्यातले एक छोटे साप्ताहिक इंटरनेटवर बातम्या टाकते. रोज चार वाजता मी त्या तिला वाचून दाखवते आणि मोबाइलवर रेकॉर्डही करते, म्हणजे सकाळी मी कॉलेजात शिकवायला गेलेली असताना तिला पुन्हा ऐकता येतात. बातम्या म्हणजे काय — कासवाची पिल्ले समुद्रात सोडली. दशावतारात राजाला ऐन दरबारात गांधीलमाशी चावली, पण त्याने वाक्य पुरे केले. एसटीच्या थांब्यावर एक फणस सापडला आहे, मालकाने ओळख पटवून न्यावा.

"फणसाची ओळख कशी पटवतात गं?" मी विचारले होते.

"ज्याचा असेल त्याला वासावरून कळते," ती गंभीरपणे म्हणाली. "तुमच्या सायन्समध्ये नाही का?"

त्या गुरुवारी बातमी होती : पूल सुरू झाल्यामुळे खाडीवरची होडी आज संध्याकाळपासून बंद; धक्क्यावर निरोपाचा कार्यक्रम. गाव तिचेच होते. होडी तिच्या घराण्याची होती — आधी वडील वल्हवायचे, मग थोरला भाऊ, ज्याला ती दादा म्हणे.

दादाबद्दल घरात कोणी बोलत नसे. त्या दिवशी ती आपणहून बोलली. मुंबईत नर्सिंग शिकताना तिने मोठ्या बाबांशी स्वतःच्या मर्जीने लग्न केले आणि ते सांगायला माहेरी गेली. दादाने तिला होडीत बसवले, पलीकडे आणून सोडले आणि म्हणाला, यापुढे तू कुकारा घातलास तरी होडी येणार नाही. ती म्हणाली, घालणारच नाही.

कुकारा म्हणजे पैलतीरावरून होडीला घालायची हाक. प्रत्येक घराचा कुकारा वेगळा, म्हणजे कोणाला आणायला जायचे ते नावाड्याला न पाहता कळे. त्यांच्या घराचा दोन आखूड आणि एक लांब, वर चढत जाणारा. त्यांची आई वारली तेव्हा मोठी आई खाडीला वळसा घालून मैलोगणती चालत गेली, पण हाक मारली नाही. एकाच अंगणात दोघे तेरा दिवस अबोल राहिली. त्यानंतर काहीच नाही... फोन नाही, पत्र नाही.

"करून दाखव ना," मी म्हटले. मला खरोखर ध्वनीतच रस होता. "रेकॉर्ड करते. उद्या हे कोणाला येणार नाही."

"नको. शब्द दिलाय."

"त्याला इथून थोडंच ऐकू जाणार आहे?"

ती उठली, चाचपडत गॅलरीत गेली, कठडा धरला आणि तोंडाभोवती हात धरून कुकारा घातला. दोन आखूड, एक लांब. त्या थकलेल्या छातीत एवढा आवाज होता, हे मला ठाऊक नव्हते. समोरच्या तारेवरची कबुतरे उडाली.

खालच्या मजल्यावरच्या भाभी धावत आल्या. "क्या हुआ अम्मा जी? गिर गईं क्या?"

"कुछ नहीं, भाई को बुला रही थी."

स्वयंपाकघरातून आई हातातल्या पिठासकट बाहेर आली. "काहून ओरडून राहिल्या वहिनी? जीव गेला ना माझा!"

मोठी आई हसत होती, खोकत होती. मग खुर्चीत बसली आणि पदराने डोळे टिपत एवढेच म्हणाली, "मोडला बघ शब्द. आणि तोही आज... होडी बंद व्हायच्या दिवशी."

रेकॉर्डिंगप्रमाणे तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

सोमवारी साप्ताहिकात एक छोटी गमतीची बातमी आली. मी सवयीने वाचायला लागले. गुरुवारी निरोपाची भाषणे चालू असताना, ज्याने कित्येक वर्षांत वल्ह्याला हात लावला नव्हता असा ऐंशीच्या पुढचा वृद्ध नावाडी एकाएकी उठला. पलीकडून कुकारा आला, म्हणाला. कोणालाही न जुमानता हार घातलेली होडी सोडून निघाला, पैलतीरावर अर्धा तास थांबला आणि रिकामाच परत आला. कोणाचा कुकारा, ते त्याने सांगितले नाही. वयोमानाने भास होतात, असा बातमीचा शेवट होता.

"किती वाजता?" मोठ्या आईने विचारले.

बातमीत वेळ नव्हती. मी त्या वार्ताहराला फोन केला. त्याने होडी निघताना काढलेला फोटो पाहून सांगितले : पाच वाजून दोन मिनिटे.

मला हायसे वाटले. दोन्ही घटनांत बावन्न मिनिटांचे अंतर, म्हणजे संबंध नाही. त्या दिवशी दादालाही बहीण आठवणे स्वाभाविक होते. म्हातारपण, गर्दी, वारा. प्रकरण संपले... आणि मग निव्वळ सवयीने मी नकाशावर सरळ रेषेतले अंतर मोजले. हजार किलोमीटरहून थोडे अधिक. त्याला ध्वनीच्या वेगाने भागले. उत्तर आले साधारण पन्नास मिनिटे. एक-दोन मिनिटे उठून होडीत बसायला.

स्पष्ट सांगते : मानवी आवाज हजार किलोमीटर जाऊ शकत नाही. काही किलोमीटरांतच तो विरतो. याला पुरावा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी स्वतः नापास करीन. तरीही गुणाकार-भागाकार तीनदा तपासला.

मोठ्या आईला आकडे सांगितले नाहीत. तिने विचारलेही नाहीत. "फोन लावून दे," एवढेच म्हणाली. आणि लगेच, "नको. तो नाही बोलायचा." दोन दिवस हेच चालले. शेवटी आईने मोबाइल माझ्या हातात कोंबला : "लाव तू. यांचं काही खरं नाही."

वार्ताहर भला माणूस. संध्याकाळी तो स्वतःचा फोन घेऊन दादांच्या घरी गेला. मी स्पीकर चालू केला. मी आवाज वाढवला. मग पलीकडून एक खरखरीत, रागावलेला आवाज आला —

"होडी घेवन इल्लंय मी. तू खंय होतंस गो?"

मोठी आई आमच्यासारखीच बोलते, अर्धे वऱ्हाडी, अर्धे हिंदी. त्या क्षणी तिच्या तोंडून निघाली ती भाषा मी पंचवीस वर्षांत ऐकली नव्हती.

"लांब होतंय रे दादा. पण कुकारो माझोच."

"तां म्हायत आसा. दुसऱ्या कोणाचो असतलो?"

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. मी फोन मोठ्या आईच्या हातात दिला.

याला आता महिना होऊन गेला. रेकॉर्डिंग, फोटो आणि नकाशा माझ्याकडे जपून आहेत. मार्गदर्शक मिळतील तेव्हा त्यांना दाखवीन की नाही, ठरवलेले नाही. परवा मी मोठ्या आईला सरळच विचारले, इतक्या लांब त्याला ऐकू कसे गेले असेल? ती म्हणाली, "ते मला काय माहीत? मी त्याला शब्द मोडल्याचं विचारत नाही, तो मला विचारत नाही."

हे लिहीत असताना पलीकडच्या खोलीत दोघे फोनवर भांडत आहेत. शेवटच्या क्षणी त्यांच्या आईने कोणाचे नाव घेतले, हा विषय आहे. तो म्हणतो तुझे. ही म्हणते, खोटे बोलतोस, तुझेच घेतले असणार. मी मधले दार हळूच लोटून घेतले आहे.