काकांची कोरी स्टेपनी

कुंभिवलीच्या माझ्या काकांनी उभा जन्म गाड्या चालवण्यात घालवला, पण स्टेपनी म्हणून कधी वापरली नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांच्या पांढऱ्या व्हॅनच्या मागच्या सीटखाली ते जादा चाक मावशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं असे. नव्या टायरवर रबराचे केस असतात ना, तेसुद्धा त्याचे झडले नव्हते. एकदा मी त्यावर वांग्यांची पिशवी ठेवली, तर काका आरशातून ओरडले, "उचल रं ती! दबंल." अख्खी गाडी पेलायला जन्माला आलेलं चाक, ते माझ्या वांग्यांनी दबणार होतं.

"स्टेपनी लावली, की मग स्टेपनी राहिली कुटं?" हा त्यांचा सवाल. त्याला उत्तर देणारा अख्ख्या खालापूर तालुक्यात जन्मला नाही. चाक पंक्चर झालं की ते पाना काढत, चाक उतरवत, गडगडवत रस्त्यावर नेत आणि येणाऱ्या पहिल्या टेंपोला हात करत. ते पंक्चर काढून परत येईपर्यंत गाडीतल्यांनी झाडाखाली बसायचं. एकदा चौक गावाच्या अलीकडे त्यांनी एका नवरदेवाला असंच आंब्याखाली बसवलं होतं. काका परत आले तोवर वऱ्हाडानं झाडावरच्या कैऱ्या संपवल्या, नवरदेवाला दाढी फुटली, आणि मांडवात नवरीकडचे दुसरं स्थळ बघायला लागले, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो. पण स्टेपनी त्या दिवशीही लुगड्यात निवांत घोरत होती, एवढं मात्र खरं.

या हट्टामागे एक अपमान होता. काका पूर्वी कंपनीच्या बसवर होते. एकदा स्टेपनी लावून निघाले आणि पुढच्याच वळणावर दुसरं चाक बसलं. सगळी पाळी उशिरा पोचली. साहेबांनी कामगारांसमोर काकांना उभं करून झापलं. मावशी सांगायची, त्या दिवशी ते घरी आले ते जेवले नाहीत, आणि तेव्हापासून जादा चाकाला त्यांनी हात लावला नाही.

एकदाच मात्र ते स्टेपनी काढून द्यायला तयार झाले. मावशीच्या किडन्या गेल्या तेव्हा. पनवेलच्या डॉक्टरांसमोर शर्ट वर करून काका म्हणाले, "साहेब, दोन हायत ना? एक चालू ऱ्हाऊ दे, दुसरी स्टेपनीच की. काढा." डॉक्टर हसले, आणि मग तपासण्या झाल्यावर हसायचे थांबले. काकांना साखर होती, आणि ती त्यांना स्वतःलाच माहीत नव्हती. बाहेर येऊन ते पायरीवर माझ्याशेजारी टेकले. "आपलीच फेल निगाली रं," म्हणाले. एवढंच.

मग सुरू झालं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा जुन्या हायवेनं पनवेल आणि परत. मी दहिवलीहून कुंभिवलीला जायचो आणि सोबत म्हणून व्हॅनमध्ये बसायचो. त्या फेऱ्यांनी आम्हाला असं काही पिळलं, की व्हॅनसुद्धा चढावर सुस्कारे टाकायची. मावशी मागे खिडकीला डोकं टेकून असायची. काका मात्र कबूल करत नसत. "दमलो म्हनायचं नाय. जरा बसलो म्हनायचं." असं म्हणत ते दर दहा मिनिटांनी जरा बसत.

तो दिवस वैशाखातला. मागच्या खेपेला मशीनच बिघडलं होतं आणि डायलिसिस न होताच मावशीला परत यावं लागलं होतं. पाय भोपळ्यासारखे सुजले होते, चार शब्द बोलली की धाप लागत होती. दुपारची वेळ ठरलेली. ती हुकली की मशीन पुढच्या माणसाला, आणि मावशीनं पुन्हा दोन-तीन दिवस ते पाणी अंगात घेऊन श्वास मोजत राहायचं. सिस्टरनं फोनवर बजावलं होतं, "आज चुकवू नका हं, काका."

चौक मागे पडलं आणि धडाम! असा आवाज, की मला वाटलं कर्जतपर्यंत लोकांनी भिंती चाचपल्या असतील. पुढचं डावं चाक फुटलं होतं. व्हॅन रस्त्यावर तमाशातल्या बाईसारखी लचकली. पण काकांनी ब्रेकला हात-पाय न लावता स्टिअरिंग नुसतं घट्ट धरून तिला कडेला आणलं. उतरून बघतो तो टायरच्या चिंध्या.

काकांनी सवयीनं जॅक लावला, नट सोडवले, चाक काढलं, आणि टेंपोला हात करायला रस्त्यावर उभे राहिले.

"काका, काय पंक्चर काढणार त्याचं? फडकं झालंय," मी म्हणालो.

"नवा टायर टाकून आनतो. ह्यो गेलो आनि ह्यो आलो."

आतून मावशीचा आवाज आला. "अवो." पुढे तिला धाप लागली. मग म्हणाली, "लावा की ती. कुनासाठी ठेवलीया? मी जाऊन बसल्यावर लावनार का?"

काका रस्त्यावर तसेच उभे. उन्हात डांबर वितळत होतं, आणि काकाही वितळतात की काय असं वाटलं. मग आले, मागची सीट उचलली, लुगडं सोडलं. काळंभोर, कोरं चाक बाहेर आलं. त्यांनी ते बसवलं, नट आवळले, जॅक खाली घेतला. आणि व्हॅन गुडघे टेकावेत तशी त्या बाजूला हळूच बसली. चाकात हवा नव्हती. काकांनी वाकून टायर अंगठ्यानं दाबला. इतकी वर्षं सीटखाली पडून रबर वाळलं होतं, बाजूला बारीक चिरा गेल्या होत्या.

"हवा बघितलीच नाय कदी," ते म्हणाले. "लावायचीच नव्हती, तर बघतो कशाला."

मावशी रडेल असं मला वाटलं. ती हसली. धाप लागत असताना हसली, त्यामुळे आम्ही दोघं आणखीनच घाबरलो.

तेवढ्यात काका रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. समोरून कोंबड्यांचा टेंपो येत होता. तो थांबला नसता, तर हे व्यक्तिचित्र इथेच संपलं असतं.

"मरायचंय काय, म्हातारबा?" ड्रायव्हर खेकसला.

"मला नाय. हिलाबी नाय. म्हनून आडवा आलो."

ड्रायव्हरनं मावशीचे पाय बघितले आणि आवाज खाली आणला. "पुढं दोघंच बसतील. तिसऱ्यानं मागं कोंबड्यांत."

"गाडीचं काय?" मी विचारलं. व्हॅन उघडी होती, जॅक, पाना रस्त्यावर पडलेले. जो माणूस वांगी ठेवू देत नव्हता, त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि जाळीला धरून मागे चढले.

पनवेलला आम्ही उशिराच पोचलो. मशीनवर पुढच्या माणसाला घ्यायची तयारी चालली होती. काका दारात उभे राहिले. डोक्यात पिसं, खांद्यावर कोंबड्यांनी केलेली नक्षी, आणि वास असा की अर्धं हॉस्पिटल बरं होऊन घरी पळालं असतं. सिस्टरनं त्यांच्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आणा मावशींना. पूर्ण वेळ नाही मिळणार, मिळेल तेवढं." मिळेल तेवढं घेतलं. मशीन सुरू झालं तसे काका तिच्या पलंगाला टेकून बसल्या जागी झोपले. मी त्यांना हलवायला गेलो, तर मावशी म्हणाली, "निजू दे रं त्यांना. मला मशीन तरी हाय."

संध्याकाळी रिमसकट चाक विकत घेऊन परत आलो, तर व्हॅन होती तिथेच. जॅक होता, पाना होता, माझी छत्री होती. चोरानं तेवढं कोरं चाकच काढून नेलं होतं. काका बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. "नेऊ दे रं! लावंल तवा कळंल त्याला." त्या उन्हाळ्यात मी त्यांना तेवढंच हसताना बघितलं.

पुढे पावसाळाभर आम्ही जात राहिलो. काका आता दर फेरीआधी नव्या स्टेपनीसकट पाचही चाकांची हवा बघत, वाकून वाकून, कमरेवर हात ठेवून उठत. थंडीत एकदा सकाळची पाळी होती. रस्ता मोकळा, गाडी गुणी पोरीसारखी चालली, कुठे काही अडलं नाही. डायलिसिसची खोली उघडायच्या आधी आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. मावशीनं खिडकीला डोकं टेकलं होतं, रोजच्यासारखं. काकांनी व्हॅनचं दार उघडून हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली, हळू.

आत माणसं धावली, बाहेर आली. मी कुणाकुणाला फोन लावत होतो. काका पायरीवर बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाले,

"आज तर लवकर आलो होतो रं आपन."