दोन तळहातांएवढी जमीन

साऱ्या चंडीगढात जमिनीवर इतका गाढ अविश्वास आणि रबरावर इतका गाढ विश्वास असलेले दुसरे गृहस्थ सापडणार नाहीत, असे मी माझ्या भिडस्त स्वभावाला न शोभणाऱ्या खात्रीने सांगू शकतो. हे गृहस्थ म्हणजे माझे मामेसासरे. लग्नानंतर मी त्यांच्याकडे प्रथम गेलो तो उशिराने, नुकतीच शिकलेली मोटारसायकल चालवत, बायकोला मागे बसवून, जीव मुठीत धरून. फाटकापाशी उतरून मी नमस्काराला वाकलो, तर मामाही वाकलेले होते, माझ्या पुढच्या चाकाकडे. आमची डोकी थोडक्यात वाचली. "या, या जावईबापू," ते चाकाकडेच पाहत म्हणाले, "हवा कमी आहे हो. इतक्या लांब आलात कसे?" भाचीची चौकशी त्यानंतर झाली.

मामा मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी प्रयोगशाळेत सूक्ष्म मापनाच्या उपकरणांशी त्यांनी हयात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर ती सारी सूक्ष्मता घरच्या मोटारसायकलीच्या दोन टायरांवर येऊन स्थिरावली. सकाळी चहाच्या आधी, टायर गार असतानाच ते हवा मोजतात, कारण चालून आलेल्या टायरची हवा तापलेली असते आणि, त्यांच्या शब्दांत, "तापलेला माणूस आणि तापलेली हवा कधी खरं सांगत नाही." मग साबणाचे पाणी, दात घासायचा जुना ब्रश, आणि खाचांत रुतलेले खडे काढण्यासाठी बोथट केलेला एक स्क्रू-ड्रायव्हर. शेवटी डोळे मिटून रबरावरून तळहात फिरवायचा: कुठे खिळा, कुठे चीर, कुठे फुगवटा. हे सारे कशासाठी, असे मी एकदा भीत भीत विचारले. "दोन चाकांची गाडी रस्त्याला टेकते किती? दोन तळहातांएवढी," ते म्हणाले. "बाकीची गाडी हवेतच असते. मग तेवढ्या जमिनीशी तरी प्रामाणिक राहावं की नाही?" त्यानंतर कित्येक दिवस मी गाडी चालवताना खाली पाहत असे, आणि ते त्यांच्याच मते अधिक धोक्याचे होते.

ही माया केवळ स्वतःच्या गाडीपुरती नाही. एका गणेशोत्सवात मराठी मंडळाची आरती सुरू झाली आणि मामा दिसेनात. मामींनी मला शोधायला पाठवले. मामा बाहेर, परक्या मोटारसायकलीपाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर गाडीचा मालक, एक धिप्पाड सरदारजी, उभा होता. "अंकलजी, हवा कड्ढ रहे ओ?" हवा सोडताय की काय, असे त्याने दरडावून विचारले. मामांनी शांतपणे तळहात पुढे केला. त्यावर टोकदार खडा होता. "ये आज नहीं तो कल अंदर घुसता, बेटा." सरदारजीने खडा उचलून निरखला, मग म्हणाला, "अच्छा जी! ते पिछला वी देख लओ." मामांनी मागचाही पाहिला. प्रसाद मी दोघांसाठी तिथेच नेऊन दिला.

त्यांना खरोखर संतापलेले मी एकदाच पाहिले. खंडेनवमीला पूजा व्हायची म्हणून मामींनी प्रेमाने गाडी इंडस्ट्रियल एरियातल्या एका धुलाई केंद्रातून धुऊन आणवली. तिथल्या उत्साही मंडळींनी टायरांना जमिनीला टेकणाऱ्या भागापर्यंत चकाकते पॉलिश फासले. "टायर म्हणजे काय लग्नातले बूट आहेत?" मामा ओरडले. "चकाकतो तो टायर घसरतो!" मग पाटापुढे वाढलेली ताटे गार होत राहिली आणि मामा सोवळे नेसून चाके घासत राहिले. पूजा झाली, पण चाकाखाली लिंबू ठेवू दिले नाही. "रस लागतो," म्हणाले. शेवटी ते लिंबू शेजाऱ्यांच्या मोटारीखाली चिरडले गेले, आणि शेजाऱ्यांनी मामांकडे वर्षभर जरा संशयानेच पाहिले.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला वर डोंगरात, सोलनजवळच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिने घरची मोटारसायकल मागितली. बसच्या भरवशावर महिन्यातून एखादी फेरी व्हायची. गाडी असली तर दर शनिवारी घर. मामांना मुलगी घरी यायला हवी होती आणि ती त्या रस्त्याने यायला नको होती. ते नाही म्हणाले नाहीत. टायर तयार नाहीत, एवढेच म्हणाले. पट्टीने आखलेल्या आमच्या रस्त्यांवर टायर मधोमध झिजून सपाट होतो, आणि घाटात वळणावर गाडी कलते तेव्हा तर कडांवर भिस्त. म्हणून नवे टायर बसले. नव्या टायरवर बुळबुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत थांबणे आले. मग हवा भरायच्या तोंडाशी काहीतरी शंकास्पद वाटले. रुजू व्हायचा दिवस जवळ आला तशा मामी कडाडल्या, "अहो, टायर बघताय की मुहूर्त?" मामा हातातला ब्रश पाण्यात बुडवत हळूच म्हणाले, "मी स्वतः कालक्याच्या वर, घाटात कधी चालवली नाही गं." यावर मुलगी, जी मराठी सारे समजते आणि उत्तर हिंदीत देते, म्हणाली, "बाबा, आप मेरे पीछे बैठो. ऊपर पहुँचकर भी ना बोलोगे, तो मैं बस से आऊँगी. पक्का."

तिचे सामान, मामी, माझी बायको आणि मी माझ्या मोटारीतून त्यांच्या मागोमाग निघालो. परवाणूनंतर वळणे सुरू झाली. मुलगी वळणाकडे झुकत होती आणि मामा खांबासारखे ताठ, किंबहुना उलट दिशेला कलत होते. गाडी डगमगत बाहेर ओढली जात होती. मामींनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. एका चहाच्या टपरीपाशी मुलीने गाडी थांबवली.

"बाबा, खंभे की तरह बैठोगे तो गाड़ी मुड़ेगी कैसे?"

"अगं, पडू ना!"

"टायर किसने देखे हैं?"

"मी."

"तो उनपे भरोसा है ना?"

"टायरांवर आहे गं."

"बस, उन्हीं पे झुको. मुझपे बाद में कर लेना."

मामांनी चहा संपवला, हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि मागे बसले. पहिल्या वळणाला ते जरासे कलले, दुसऱ्याला आणखी थोडे. आणि मग एका मोठ्या, दरीकडेच्या वळणावर दोन्ही हेल्मेटे एकदम, एकाच हाताने वळवल्यासारखी कलली. मामींनी एक डोळा उघडला. सोलनला मामा गुडघे चोळत उतरले.  मग ते मुलीला म्हणाले, "शनिवारी उजेडात निघत जा. अंधार करू नकोस." मामींनी पदराने डोळे टिपले. "म्हणजे दिली म्हणायची," त्या पुटपुटल्या.

मोटारसायकल वरच राहिली, आणि घाट उतरताना मामा मोटारीत माझ्या शेजारी बसले.  मागे त्या दोघींना झोप लागली होती. प्रत्येक वळणाला मामा नकळत किंचित झुकत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी मोटार आणखी सावकाश चालवू लागलो. मग घाट संपला, पिंजोर मागे पडले, रस्ता सरळ झाला, आणि मामा सरळ बसले.