हलीमाताईंनी कोरा ठेवलेला रकाना

हलीमाताईंची पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना विचारू नये तो प्रश्न विचारला, आणि तोही चहाचा कप हातात यायच्या आत. झिंडेलफिंगेनमध्ये माझे स्नेही सुधीर मेश्राम यांच्या घरी आम्ही बसलो होतो. मेश्राम मूळचे नागपूरचे, इथल्या मोटारींच्या कारखान्यात अभियंता. मी एका मराठी दैनिकाचा जर्मनीतला वार्ताहर. संस्कृत शिकलेल्या माणसाला या देशात मान फार मिळतो, नोकरी मिळत नाही; म्हणून वार्ताहर. सोमालियासाठी नवे हंगामी सरकार परक्या देशात बसून तयार होत होते. इथल्या सोमाली मंडळींना त्याविषयी काय वाटते, यावर मला लिहायचे होते. मेश्राम म्हणाले होते, "आमच्या हलीमाताईंना भेटा. मराठी बोलतात."

मराठी बोलतात म्हणजे नमस्कार आणि धन्यवाद म्हणत असतील, असे मी धरून चाललो होतो. ताई विशीत असताना शिष्यवृत्तीवर पुण्याला आल्या, तिथे परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि मराठी शिकल्या ती वॉर्डातल्या रोग्यांकडून. त्यांच्या मराठीत आजही ‘कळ मारते’, ‘गोळा येतो’, ‘ठणका लागतो’ अशा शब्दांची श्रीमंती आहे. परिसंवादात लागतो तो एकही शब्द नाही. हे त्यांचे भाग्य.

तर मी विचारले, "ताई, तुमचं कूळ कुठलं?"

"शास्त्रीबुवा, आधी तुमचं सांगा."

मुंजीत पाठ केलेले गोत्र, प्रवर, सूत्र, शाखा सगळे माझ्या तोंडून एका दमात बाहेर पडले. हात तेवढे कानाशी गेले नाहीत.

"छान," ताई म्हणाल्या. "एवढी सगळी मोठी माणसं तुमच्या पाठीशी. मग एखाद्या दिवशी पावसात बस चुकली तर यांतलं कोण येतं?"

मेश्राम हसले, पण मग हळूच म्हणाले, "गुरुजी, इतक्या वर्षांत मला कधी नाही विचारलंत हे."

"अहो, तुम्हाला कशाला विचारू?"

"तेच म्हणतो. आडनावावरच भागलं तुमचं."

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी ‘प्रसन्न शैलीत लिहावे’ अशी सूचना केली आहे. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. जमले नाही. ताईंविषयी माझ्या मनात जेवढा आदर आहे, तेवढाच राग त्यांच्या वाट्याला जे आले त्याविषयी आहे, आणि एक वगळून दुसरे लिहिता येत नाही.

मेश्रामांच्या आई नागपूरहून आल्या होत्या तेव्हाची गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण मेश्रामांच्या घरी ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की मला ती पाहिल्यासारखीच वाटते. आईंना पित्ताशयाच्या दुखण्याने इस्पितळात ठेवले होते. डॉक्टर जर्मन बोलत, आई वऱ्हाडी बोलत आणि दोघेही मोठ्याने बोलत. मेश्राम कामावर होते. कुणीतरी वृद्धाश्रमात काम करणाऱ्या हलीमाताईंना फोन केला. डोक्यावर रुमाल घेतलेली उंच बाई आत आली आणि म्हणाली, "आई, कुठं दुखतंय? कळ पाठीत जाते का?"

आईंनी पोटावरचा हात काढला नि आधी चौकशी केली, "कोण्या गावची व तू?"

"मोगादिशूची."

"ते कोण्या जिल्ह्यात येते? चांद्याकडे?"

"समुद्राच्या पलीकडच्या जिल्ह्यात, आई."

"मंग लय लांबून आली माय. बस."

शस्त्रक्रिया होऊन आई घरी जाईपर्यंत ताई रोज रात्रपाळी संपवून इस्पितळात येत राहिल्या. त्या आठवड्यात त्या झोपल्या कधी, हे मेश्रामांना आजही कळलेले नाही.

आता ज्या विषयासाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो, त्याकडे वळतो. त्या हंगामी सरकारात जागा वाटायचे सूत्र असे होते: चार मोठ्या कुळांना एकेक सारखा वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. साडेचार. हे सूत्र ताईंनी समजावून सांगितले तेव्हा मेश्रामांनी एकच प्रश्न विचारला.

"अर्ध्यात कोण?"

"लोहार. चामड्याचं काम करणारे. विणकर. शेतात राबणारे. ज्यांच्याशी सोयरीक करत नाहीत ते."

"बास," मेश्राम म्हणाले. "पुढचं मला पाठ आहे."

मी ते सगळे लिहून पाठवले. वृत्तसंपादकांनी मथळा दिला, ‘टोळ्यांच्या तावडीतला देश’. मी फोन केला. ते म्हणाले, "अहो, टोळी म्हटलं की वाचकाला लगेच कळतं." मी म्हटले, "मग आपल्याकडे त्यालाच काय म्हणायचं?" ते म्हणाले, "आपल्याकडे समाज असतो." फोन मी ठेवला की त्यांनी, ते आता आठवत नाही.

इथल्या सोमाली मंडळींत ताईंना मान होता आणि त्यांची अडचणही होत होती. प्रत्येक कुळाची वेगळी संघटना, वेगळे संकेतस्थळ, ईदचे वेगळे सभागृह. ताई सगळीकडे जात आणि त्यामुळे कुणाच्याच नव्हत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात शनिवारी बायका जमत. दाराशी कुणी कुणाला आजोबांचे नाव विचारायचे नाही, हा तिथला एकमेव नियम. पंधरा-पंधरा वर्षे जर्मनीत राहिलेले पुरुष चहाच्या दुकानात बसून मोगादिशूतला कुठला चौक कुणाच्या ताब्यात असावा हे ठरवत. ताई म्हणत, "तिकडे गोळी झाडणारा कधीतरी दमतो हो. इथे फोनवर बसलेला दमतच नाही."

अशाच एका संघटनेचे चिटणीस एकदा मेश्रामांच्या घरी ताईंना भेटायला आले. वयाने ताईंहून लहान, सभ्य, हुशार माणूस. त्यांचे म्हणणे मी इथे द्यायलाच हवे, कारण ते मूर्खपणाचे नव्हते. ताई आम्हाला मराठीत सांगत होत्या.

"मावशी, माझ्या भावाला गोळी लागली तेव्हा सरकार कुठे होतं? पोलीस कुठे होते? भावाला खांद्यावर घेऊन सीमेपर्यंत कोण चाललं? कूळच ना?"

"खरंय. आणि गोळी कुणी मारली?"

"दुसऱ्या कुळाने."

"म्हणजे कूळच मारून गेलं आणि कूळच उचलून गेलं. मधे तुझा भाऊ कुठे होता, बाळा?"

चिटणीस चहा अर्धा ठेवून उठले. पण निरुत्तर झालेल्या माणसापाशी कागद आणि पेन असते, हे आम्ही विसरलो.

ताई वृद्धाश्रमातली नोकरी सांभाळून आश्रय-अर्जांच्या एका कार्यालयात दुभाषी म्हणून जात. कोणते शहर, ते लिहीत नाही. पुढचा प्रसंग जिच्याविषयी आहे तिच्या परवानगीने लिहितो. हा परिच्छेद तिने वाचून घेतला आहे.

सोमाली मुलांना बाप, आजा, पणजा अशी वीस-वीस पिढ्यांची नावे पाठ करवतात. युद्धात बंदूकवाले रस्त्यात अडवून तीच म्हणायला लावत. एखादे नाव चुकले की संपले. ही मुलगी लोहारांची. ती सहा वर्षांची असताना तिच्या आईने तिच्याकडून दुसऱ्यांचे आजोबा पाठ करून घेतले, शेजारच्या बलाढ्य कुळाचे. त्यावर ती चार नाक्यांतून जिवंत सुटली. जर्मनीत सुनावणीच्या खोलीत अधिकारीबाईंनी विचारले, "आल्झो, तर मग, तुमचं कूळ?" समोर दुभाषी म्हणून वयस्क सोमाली बाई बसलेली. मुलगी घाबरली आणि नाक्यावर म्हणायची तीच नावे घडाघडा म्हणून गेली. ताईंनी जशीच्या तशी भाषांतरित केली. तासाभराने मुलगी रडू लागली आणि म्हणाली, ते आजोबा माझे नाहीत.

अधिकारीबाईंनी लिहिले, विधानांत विसंगती. विसंगती म्हणजे अर्ज फेटाळायला पुरेसे कारण.

दुभाष्याने स्वतःचे काही बोलायचे नसते. ताईंनी सही करण्याआधी रीतसर परवानगी मागितली आणि दुभाष्याची टीप म्हणून एक वाक्य घालायला लावले: ही नावे अनेकांनी जीव वाचवण्यासाठी पाठ केलेली असतात. अधिकारीबाईंनी ते लिहून घेतले, हे त्यांचे श्रेय. मुलीला आश्रय मिळाला. ती आता बेकरीत शिकाऊ म्हणून काम करते आणि पहाटे चारला उठायला लागते म्हणून जर्मन लोकांना शिव्या देते, म्हणजे इथे रुळली.

बातमी फुटली. अर्ध्या वाट्यातल्या मुलीसाठी हलीमाने शब्द टाकला! महिन्याभरात कार्यालयाकडे पत्र गेले. खाली चिटणीसांची सही, वर संघटनेचा शिक्का. मजकूर असा की सदर दुभाषी स्वतःच त्या हलक्या गटातल्या असून आपल्या माणसांना खोटेपणाने मदत करतात. कार्यालयाने ताईंना एक फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना: कुळाचे नाव. तो भरावा, म्हणजे चौकशी पूर्ण होईल. बंदूकवाल्याने नाक्यावर विचारला तोच प्रश्न. फक्त इथे परतीचे पाकीट सोबत जोडले होते.

ताईंची दुभाषीगिरी त्या एका रकान्यावर लटकली होती. मी धावून गेलो. न्यायशास्त्र शिकलेला माणूस; पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळे पक्ष करून दोन पानांचे नामी जर्मन पत्र तयार केले. कुळापुरती जागा रिकामी ठेवली. म्हटले, "ताई, इथे फक्त खरं काय ते लिहा. एक शब्द. प्रकरण मिटलं."

ताईंनी ते दोनदा वाचले. "जर्मन फार सुंदर आहे हो, शास्त्रीबुवा."

"मग सही करा."

"‘हो, त्यांच्यातली आहे’ असं लिहिलं तर मी पक्षपाती ठरते. ‘नाही, त्यांच्यातली नाही’ असं लिहिलं तर ती पोरगी हलकी ठरते. यातलं कुठलं लिहू?"

"अहो, पण खरं तर खरंच असतं!"

मेश्राम इतका वेळ खिडकीशी उभे होते. ते वळले आणि मी त्यांना पहिल्यांदा आवाज चढवताना ऐकले. "गुरुजी, माझ्या बापाला शाळेत मास्तरने विचारलं होतं, तू त्यांच्यातला का? ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढच्या बाकावर बसायला मिळालं असतं. तुम्हाला हे शिकवायला अजून कोण पाहिजे?"

माझे पत्र टेबलावर पडले होते. ते बरोबर होते, बिनचूक होते आणि लाजिरवाणे होते. मी ते फाडले. आयुष्यात लिहिलेल्या चांगल्या गद्यापैकी तेवढेच मी फाडले आहे.

ताईंनी रकाना कोरा ठेवला, खाली सही केली आणि फॉर्म पोस्टात टाकला. तीन आठवड्यांनी उत्तर आले: माहिती अपुरी असल्याने आपले नाव यादीतून वगळले आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. सोळा वर्षांचे काम. मी कार्यालयात जाऊन भांडलो. समोरचे गृहस्थ फार नम्र होते. प्रत्येक वाक्याला ‘गेनाऊ’ म्हणत होते, म्हणजे अगदी बरोबर, अगदी बरोबर, आणि करत काहीच नव्हते. आपण कुणावर अन्याय करतो आहोत असे त्यांना वाटतच नव्हते. रकाना रिकामा होता, एवढेच त्यांना दिसत होते. चिटणीसांचा मला राग येतो, पण त्यांचा भाऊ गेला आहे. या गृहस्थांचे काय गेले होते?

ताईंना या सगळ्याचे दुःख झाले नाही असे मी लिहिणार नाही. पुढचे दोन शनिवार त्यांच्या घरचा दरवाजा बंद होता. तिसऱ्या शनिवारी उघडला. बायका आल्या, त्यांत चिटणीसांची पत्नीही होती. ती कांदे चिरत बसली. तिला कुणी काही विचारले नाही.

त्यानंतर ताईंनी एक गोष्ट शोधून काढली. अर्जदाराला सुनावणीला आपल्या विश्वासाचे एक माणूस सोबत नेता येते. त्याने मधे बोलायचे नसते. शेवटी त्याला काही नोंदवायचे असेल तर विचारले जाते. तेव्हापासून ताई सोबतीचे माणूस म्हणून जातात. दुभाष्याच्या खुर्चीवर आता दुसरे कुणीतरी असते आणि ताई भिंतीशी बसतात, मांडीवर वही. चुकीचे भाषांतर झाले की त्या मान वर करत नाहीत, फक्त लिहितात. शेवटी अधिकारी विचारतात, "आणखी काही?" तेव्हा ताई चष्मा लावतात आणि म्हणतात, "हो. सात गोष्टी आहेत." मग सातही गोष्टी नोंदवाव्या लागतात. पूर्वी त्यांना एका वाक्यासाठी परवानगी मागावी लागत होती.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. माझ्या विद्येत त्यासाठी एकाहून एक सुरेल वचने आहेत. ताईंना ती ऐकवली तर त्या विचारतील, ‘यातलं कुठलं गुडघ्याला लावायचं?’ म्हणून साधेच मागतो. त्या कार्यालयातले बाक लाकडी आहेत आणि ताईंचे गुडघे साठ वर्षांचे झाले आहेत. ते गुडघे टिकोत. चष्म्याचा नंबर वाढला तरी वहीतले अक्षर त्यांना दिसत राहो. पत्रे लिहिणाऱ्यांची आणि रकाने आखणाऱ्यांची प्रकृती मी मधूनमधून विचारत असतो. ती ठणठणीत आहे. ताईंना त्या सगळ्यांहून एक दिवस तरी जास्त आयुष्य मिळो, आणि त्या दिवशी त्यांना कुठल्याच सुनावणीला जावे लागू नये.