डायरेक्ट केलेला कटआउट

ती तार मी लावली होती. वीतभर लांबीची, लाल, दोन्ही टोकं सोललेली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

माझ्या धंद्यातले लोक हे वाचून म्हणतील, त्यात काय एवढं, मे महिन्यात सगळेच डायरेक्ट करतात. करतात, मला माहीत आहे. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, आणि त्यांच्या आडोशाला लपणारही नाही. आणखी एक आधीच सांगून टाकतो. मी वाईट कारागीर नव्हतो. कबुली द्यायची म्हणून स्वतःला अडाणी ठरवायची माझी तयारी नाही. अडाण्याच्या हातून झालं असतं तर ती चूक म्हणता आली असती. मला सगळं कळत होतं.

नव्वदनंतरची वर्षं. जाम गावच्या चौकापासून थोडं आत कपाशीच्या बियाण्यांची एक कंपनी होती. आज तिथे सिमेंटचं गोदाम आहे. कंपनीत एक खोली होती, तिला सगळे उगवणीची खोली म्हणत. बियाण्याच्या प्रत्येक पोत्यातले थोडे दाणे ओल्या कागदात गुंडाळून तिथल्या मांडण्यांवर ठेवायचे आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचं. बरे उगवले तर तो माल बाजारात. बाहेर जानेवारीत हात आखडत असोत की मेमध्ये डांबर वितळत असो, त्या खोलीत बाराही महिने एकच हवामान लागायचं. त्यासाठी कपाटाएवढं एक पॅकेज युनिट बसवलेलं होतं. थंडही तेच करायचं, गरमही तेच. कॉम्प्रेसर, पंखा, हीटर सगळं एका पेटीत. फक्त गरम हवा फेकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, मागच्या भिंतीबाहेर. त्या युनिटच्या देखभालीचं काम माझ्याकडे होतं.

तीन महिन्यांनी एकदा तपासणी. फिल्टर काढून धुवायचे. पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा, किती लवतो. पेचकसाचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ऐकायचं. चांगलं बेअरिंग एकसुरी बोलतं, खराब झालेलं दळल्यासारखं. खालच्या तबकातली बुळबुळीत घाण काढायची. दिवाळीनंतर हीटर पहिल्यांदा लावला की वर्षभराची धूळ जळायची आणि खोलीभर वास सुटायचा. मला तो वास आवडायचा. हे काम मला आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

युनिटवर एक ऑपरेटर होते. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, जवळच्याच गावचे, बौद्ध वस्तीतले. मी त्यांना काकाजी म्हणायचो, ते मला मिस्तरी. दर तासाला गेजवरचा दाब आणि खोलीचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्यांचं काम. ते त्याखेरीजही बरंच काही लिहायचे. ‘मांडणीमागे उंदीर दिसला.’ ‘लाइट दोनदा गेली.’ ‘मिस्तरी आले, चहा न घेता गेले.’ मी एकदा हसून म्हणालो, “काकाजी, हे रजिस्टर हाय का पंचनामा?”

“तुमी येता अन् जाता,” ते म्हणाले. “इथं मी हावो. उद्या कोनं विचारलं तं मले तोंडानं नाई, कागदानं सांगता आलं पाह्यजे.”

आपल्याकडच्या उन्हाची माहिती वाचकांना मी देण्याची गरज नाही. एप्रिल सरला की बाहेरच्या कंडेन्सरला गरम हवा फेकणं जमेनासं व्हायचं आणि आतल्या गॅसचा दाब चढायचा. दाब मर्यादेबाहेर गेला की मशीन आपोआप बंद पडावी म्हणून तिला एक कटआउट असतो. तो दिवसातून चार-चारदा मशीन बंद करायचा. त्यावर मी एक युक्ती काढली. आमच्या घरचं दुकान कूलरचं. तिथून कूलरच्या गवती ताट्या आणल्या, कंडेन्सरसमोर तारेने बांधल्या आणि वरून बोअरच्या पाण्याचा बारीक नळ सोडला. ओल्या ताटीतून गार झालेली हवा आत जाऊ लागली, दाब उतरला. साहेब खूश. साहेब म्हणजे तिथले मॅनेजर. “भाऊ, तुमचं डोकं नागपुरात असतं तर कुठे गेलं असतं!” असं चार माणसांत म्हणाले. मी ते ऐकून फुगलो.

बोअरचं पाणी खारं. बादली वाळली की बुडाशी पांढरा थर राहतो, हे आमच्या दुकानात लहानपणापासून बघितलेलं. तरी मी दोन उन्हाळे त्या ताट्या तशाच ठेवल्या. ताटीतून उडालेले शिंतोडे जाळीच्या बारीक पात्यांवर वाळत गेले. तिसऱ्या मेमध्ये ताटी बाजूला केली तेव्हा जाळी दिसेचना, चुन्याने सारवलेली भिंतच जणू. हवा जायला जागा नव्हती आणि कटआउट तासातासाला मशीन बंद पाडत होता.

उपाय एकच होता. मशीन पूर्ण एक दिवस बंद करायची, औषध मारून जाळी धुवायची. मी साहेबांकडे गेलो. पेरणी तोंडावर आली होती, खोलीत मालाच्या तपासण्या गच्च भरल्या होत्या.

“एक दिवस? डोकं ठिकाणावर आहे का?” साहेब म्हणाले. “चार दिवस कसंही करून ओढा.”

हे सांगितलं म्हणून दोष साहेबांवर ढकलतोय असं समजू नका. कसंही करून म्हणजे कसं, ते त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. मी पॅनल उघडलं आणि कटआउटच्या दोन्ही टोकांना ती लाल तार जोडून तो डायरेक्ट केला. आता दाब कितीही चढो, मशीन थांबणार नव्हती.

काकाजी मागे उभे होते. “हे काय करून राह्यले मिस्तरी?”

“दोन दिवसांसाठी. परवा औषध अन् पंप घेऊन येतो, जाळी धुतो, तार काढतो.”

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. मी त्या पानावर हात ठेवला. खरोखर ठेवला, पंजा पसरून.

“काकाजी, हे नका लिहू. साहेबांनी वाचलं तर माझं काम जाईल. परवा येतोच म्हणतो ना.”

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग टोपण लावलं. “तुमी म्हनता तं नाई लिहित. पन परवा येजा.”

इतक्या वर्षांत त्यांनी न लिहिलेली ती एकच गोष्ट. माझ्या शब्दावर.

परवा मी गेलो नाही. तळेगावला मेहुण्याचं लग्न होतं. काकाजींनी जामच्या एसटीडीवरून आमच्या दुकानात दोनदा निरोप ठेवला आणि दोन्ही निरोप मला पोहोचले. पहिल्यांदा म्हणालो, उद्या जातो. दुसऱ्यांदा पंगतीत बुंदी वाढत होतो, वाढत राहिलो. सहाव्या दिवशी भर दुपारी कॉम्प्रेसर जळाला.

कंपनीची जीप मला न्यायला आली. खोलीत काकाजींनी फरशीवर ओली पोती अंथरली होती, कुठून तरी दोन कूलर आणून दारात लावले होते, स्वतः नखशिखांत घामाने भिजले होते. कागदाच्या गुंडाळ्यांमधून उकडल्यासारखा वास येत होता. त्या हंगामाच्या सगळ्या तपासण्या वाया गेल्या होत्या. साहेब अजून ऑफिसात होते. मी सरळ पॅनलपाशी गेलो, तार काढली आणि पँटच्या खिशात घातली. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

मग साहेब आले, सोबत स्टोअरकीपर आणि तपासणी करणारी दोन माणसं. साहेबांनी काकाजींना विचारलं, “दाब एवढा चढला तरी मशीन चालू कशी राहिली?”

“कटआउट डायरेक्ट होता साहेब. मिस्तरीनं केलता.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पॅनल उघडून दाखवलं. “कटआउट बरोबर आहे, साहेब. बघून घ्या.”

साहेबांनी रजिस्टर चाळलं. डायरेक्ट केल्याची नोंद कुठेच नव्हती. “उंदीर लिहिता तुम्ही, आणि हे लिहिलं नाही?”

“मिस्तरी म्हने, नका लिहू.”

स्टोअरकीपर हसला. “वा रे वा! मिस्तरी म्हने विहिरीत उडी मार, तं माराल का?” बाकीचेही हसले.

काकाजी हसणाऱ्यांकडे वळले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, “तुमी सांगा ना, मिस्तरी.”

मी म्हणालो, “मला पॅनलमध्ये काही सापडलं नाही.”

त्या खोलीत माझा शब्द त्यांच्या शब्दाहून जड ठरला, तो काही मी चांगला कारागीर होतो म्हणून नाही. मी बाजारपेठेतल्या ओळखीच्या घरचा होतो आणि ते कुठल्या वस्तीतले होते हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तसं कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. मी तो फायदा घेतला, माहीत असून घेतला. इथे कोणाला राग येत असेल तर येऊ द्या. मी हे वाक्य खोडणार नाही.

काकाजींना कामावरून काढलं. ‘कामात हलगर्जीपणा’ असं कागदावर लिहून त्याखाली त्यांची सही घेतली. नवा कॉम्प्रेसर मीच बसवला. जाळी धुतली, ताट्या फेकून दिल्या आणि त्यानंतर आजपर्यंत एकाही मशीनचा कटआउट डायरेक्ट केला नाही. यात कौतुक शोधू नका. दुसऱ्याची भाकर घालवून शिकलेला धडा आहे.

पुढे कंपनी बंद झाली. दहा-अकरा वर्षांनी त्याच भागातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरच्या खोलीला एसी बसवायला गेलो. रस्ता विचारला तर पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, “सरळ जा, मशीनजाळ्याच्या घरापासून उजव्या हातानं वळा.”

“कोणाच्या?”

“मशीनजाळ्या. बुढ्यानं कंपनीची मशीन जाळलती ना. लहान पोट्टंही दाखवीन.”

मी एसी बसवला. एक नळी दोनदा वाकवावी लागली. मग त्या घरी गेलो. काकाजी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. केस सगळे पांढरे. मला लगेच ओळखलं.

“या मिस्तरी. बसा. गरमी होते का? पंखा लावतो.” आत हाक मारून त्यांनी सुनेला पंखा लावायला सांगितला आणि मला म्हणाले, “बटन बिघडलं त्याचं. डायरेक्ट केला हाय. चालते.”

त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, मला नक्की सांगता येणार नाही. सुनेने चहा आणून दिला. मग म्हणालो, “काकाजी, त्या मे महिन्यात मी...”

त्यांनी हातातली शेंग वर धरून मला थांबवलं. “हे मले काऊन सांगता? मी तिथंच उभा होतो. तुमी खिशात टाकली तेबी पाह्यली.”

“मग तेव्हा तेवढं बोलला का नाही?”

“बोललो ना. तुमच्यासमोरच बोललो. आखीन काय तुमच्या खिशात हात घालू?”

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या आणि आवाज न चढवता म्हणाले, “मले सांगून तुमचं पोट हलकं होईन. माह्या नावाचं काय? नातू शाळेत जाते तं पोट्टे त्याले मशीनजाळ्याचा म्हनतात. ज्याईले मी मशीनजाळ्या वाटतो, त्याईले सांगा. मले तं माहीतच हाय.”

चहा संपवून मी उठलो. त्या पानठेल्यावर तेव्हा पाच-सहा माणसं बसलेली होती. मी त्यांच्यासमोरून गाडी काढली आणि घरी आलो.

त्याला तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगून पाहिल्या. मशीन तशीही जुनी होती. कंपनी तशीही बुडणारच होती. माझी पोरं लग्नाची झाली, आता हे कशाला उकरायचं? हे सगळं मला पाठ आहे आणि यातलं एकही आता मी ऐकून घेणार नाही, स्वतःकडूनही नाही. मला कोणी समजून घेऊ नये. मोठ्या मनाने कबूल केलं, असं कोणी म्हटलं तर त्याच्याशी माझं भांडण आहे. इतकी वर्षं दडवलेल्या गोष्टीला मोठं मन म्हणत नाहीत.

आणि या लिहिण्याने फेड झाली असंही मी धरत नाही. इथे माझं नाव नाही, त्यांचं नाही, त्यांच्या गावाचंही नाही. त्या पानठेल्यावरचं कोणी हे वाचणार नाही. त्या गावात दिवसाउजेडी, त्यांच्या नातवाला ऐकू जाईल अशा आवाजात, माझं नाव सांगून मला म्हणायचं आहे की मशीन यांनी जाळली नाही, मी जाळली, आणि कागदावर लिहिलेलं खोटं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही. काकाजींचं तेवढं देणं मी लागतो.